हायफूनंतर चुलीपुढे बसू का?

प्रश्न : परवा चेहऱ्यावर हायफू (त्वचा घट्ट करण्यासाठी ध्वनिलहरींचा उपचार) केलं. जबडा दाबला की दुखतो, किंचित सूज आहे. भाकऱ्या करू का? रविवारी भाचीची हळद आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, असं दुखणं काही दिवस राहतं, घाबरू नका. भाकऱ्या करा, पण सूज उतरेपर्यंत चुलीची धग आणि वाफ तोंडावर नको. चेहरा कोमट पाण्याने धुऊन नुसता टिपा. रेटिनॉलचं क्रीम आठवडाभर बंद. उन्हात एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. हळदीला जरूर जा, गालांना मात्र कुणाला हळद चोळू देऊ नका. घट्टपणा २-३ महिन्यांत हळूहळू दिसेल, कारण नवं कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) सावकाश तयार होतं. फोड आला किंवा हसताना ओठ वाकडा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.