मयामीला यायचं म्हणतोस तर

तू विचारलंस, ताई, समुद्रसफरीची जहाजं चालवणाऱ्या कार्निव्हल क्रूझच्या ऑफिसात नोकरी मिळतेय, बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन नागपूर सोडू का, कंपनी भक्कम आहे का? व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साईटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. मी त्या कंपनीत नाही. बंदरावर जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या एकाकडे हिशेब बघते. पण इथे राहिलं की तिच्या गोष्टी कानावर पडतातच.

भक्कम म्हणशील तर ती बुडण्याची वेळ येऊनही बुडलेली नाही. १९७२ मध्ये तिचा संस्थापक टेड ऍरिसन याने एक जुनं जहाज घेऊन त्याला 'मार्डी ग्रा' नाव दिलं. पहिल्याच सफरीत, ट्रॅव्हल एजंट बसलेले असताना, ते मयामी बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतलं. १९७४ मध्ये बोस्टनच्या भागीदारांनी हात वर केले, तेव्हा ऍरिसनने एक डॉलर देऊन, सुमारे ५० लाख डॉलरच्या कर्जासकट, कंपनी स्वतःकडे घेतली. तेल महागलेलं, म्हणून जहाज सावकाश चालवायचं, बंदरं कमी घ्यायची. मग दिवसभर समुद्रावर लोकांनी करायचं काय? कॅसिनो, नाचगाणी, खाणं. त्यालाच 'फन शिप' म्हणून विकलं आणि तोच पुढे धंदा झाला. १९८७ मध्ये शेअर बाजारात उतरले, १९८९ मध्ये हॉलंड अमेरिका ही दुसरी क्रूझ कंपनी विकत घेतली, नंतर कोस्टा, क्युनार्ड, २००३ मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टाचं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून ३२ माणसं गेली, तरी लोक तिकिटं काढत राहिले.

आणि २०२०. कोरोनामुळे मार्चमध्ये जहाजं थांबली. कंपनीने जहाजं तारण ठेवून साडेअकरा टक्क्यांनी ४ अब्ज डॉलर उभे केले. जुनी 'फँटसी' तुर्कस्तानात भंगारात गेली. ऑफिसातल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढच्याच वर्षी नवी 'मार्डी ग्रा' प्रवासी घेऊन निघाली, तिच्या छतावर रोलर कोस्टर! २०२४ मध्ये उत्पन्न २५ अब्ज डॉलर, तोवरचं सगळ्यात जास्त. म्हणजे कंपनी सावरते रे. तिला सावरायला सावकारांनी वर्षं दिली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलास तर नोकरी गेल्यावर इथे राहायला तुला जास्तीत जास्त ६० दिवस. आमच्या वरच्या मजल्यावर वर्ध्याचं एक जोडपं होतं, नोकरी गेल्यावर त्यांनी गाडी, सोफा, पाळणा, सगळं मिळेल त्या भावात विकलं. पाळणा मी घेतला. त्यांच्याशी भाव केला, हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आता शाळेचं, कारण तुझी मुलगी पाच वर्षांची आहे. इथे प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात: घरी कोणती भाषा बोलता? मी छाती फुगवून मराठी लिहिलं. झालं! धरमपेठेत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या लेकीची इंग्रजीची परीक्षा घेतली. ती बुजली, तोंडच उघडेना, आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या तासाला तिला बसवलं. तिथे बाकी सगळी पोरं स्पॅनिश बोलणारी. त्या तासातून बाहेर यायला तिला भलताच वेळ लागला. मी शाळेत चकरा मारल्या, बाई गोड हसायच्या, 'प्रोसेस आहे' म्हणायच्या. आठवलं की आजही डोकं फिरतं. धाकट्याच्या वेळी मी त्याच रकान्यात इंग्रजी लिहिलं आणि सही केली. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, आईला सांगू नकोस. थोरली आता फाडफाड स्पॅनिश बोलते, आजीशी फोनवर मात्र 'हो', 'नाही' आणि 'जेवले'.

एकटेपणाचं विचारलंस. होतो. रविवारी दुपारी जास्त. पुढे.

कामाचं ऐक. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का ते आजच बघ. थोरलीच्या दाखल्यावर नुसतं 'स्त्री' होतं. ते नाव लावून घ्यायला माझ्या वहिनीने भर मे महिन्यात, ४५ अंशांत, खिडक्या पालथ्या घातल्या. एका खिडकीवर म्हणे आईनेच यायला हवं. आई इकडे, काय बाप्पा! लशींचं कार्ड जपून आण, इथला डॉक्टर ते बघूनच शाळेसाठीचा फॉर्म भरून देतो. कार्निव्हलचं मुख्यालय मयामी शहरात नाही, डोरालला आहे. घर तिकडेच बघ आणि गाडीचे पैसे वेगळे धर, बसच्या भरवशावर राहू नकोस. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, पण त्यासाठी नागपूर सोडायचं थांबू नकोस, आपल्याकडचा मे त्यापेक्षा वाईट. बायकोला तिथे सध्या नोकरी असेल तर तिला आधी नीट विचार. तुझ्या व्हिसावर आली की तिला लगेच काम करता येईल असं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही बोलले नव्हते.

मुलीची जन्मतारीख कळव. १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर यंदा बालवर्गात घेतात. एका दिवसानेही कमी पडली तर बालवर्गासाठी वर्षभर थांबायचं.