वाचक विचारतात : पोर्ट मोकळा दिसतो, तरी बाइंड नाही का म्हणतो?

प्रश्न : दादा नमस्कार, मी फैजपूरची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी केळी आहे, पप्पा आणि काका रोज रावेर न् बऱ्हाणपूरच्या भावासाठी दहा जणांना फोन लावत बसतात, म्हणून मी सी मधे पोर्ट 8080 वर एक छोटा सर्व्हर लिहिला, जो विचारेल त्याला आजचा भाव पाठवतो. लॅपटॉपवर लिनक्स आहे. पहिल्यांदा मस्त चालला, पण कंट्रोल-सी मारून परत चालू केला की बाइंडला "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" येतं, तेही कधी येतं कधी नाही, चहा पिऊन आलं की आपोआप बरं होतं. मैत्रीण म्हणते लॅपटॉप रीस्टार्ट करत जा. दुसरं म्हणजे लॅपटॉपवर चालतं पण काकांच्या मोबाइलवरून लागतच नाही, वायफाय एकच आहे तरी. आणि क्लायंटमधे पण बाइंड लिहायचं का?

उत्तर : ताई, रीस्टार्ट अजिबात नको करू, त्याने दुखणं जातं पण कळत काहीच नाही. आणि तू बाइंडचा रिटर्न तपासून एरर छापलीस हे फार चांगलं केलंस, कितीतरी जण तो तपासतच नाहीत आणि मग रात्रभर भलतीकडेच शोधत बसतात.

आधी बाइंड काय करतं ते बघू. सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलायचं प्रोग्रामचं टोक, बनवलं म्हणजे आपण वजनकाटा आणला, मार्केट यार्डात गाळा अजून मिळालेला नाही. गाळा मागायचा तो बाइंडने, आणि द्यायचा की नाही ते कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठरवतं. यार्ड कोणतं ते आयपी, गाळा नंबर म्हणजे पोर्ट, आणि ही मागणी ज्या अर्जावर लिहायची तो म्हणजे तुझं सॉकअ‍ॅडर-इन स्ट्रक्चर.

आता "कधी येतं कधी नाही" हे. तुझा सर्व्हर ज्या नियमांनी बोलतो त्या टीसीपीमधे जो आधी कनेक्शन बंद करतो त्याच्याकडे ते कनेक्शन थोडा वेळ टाइम-वेट अवस्थेत राहतं, कारण वाटेत रेंगाळलेलं एखादं जुनं पॅकेट नंतरच्या नव्या कनेक्शनमधे घुसायला नको. लिनक्समधे हा वेळ 60 सेकंद असतो. तू कंट्रोल-सी मारलंस तेव्हा कोणी जोडलेलं असेल तर आधी बंद करणारा तुझा सर्व्हर ठरतो, म्हणून 8080 चं ते जुनं कनेक्शन तुझ्याच बाजूला मिनिटभर पडून राहतं आणि बाइंड नाही म्हणतो. क्लायंट आधीच बंद करून गेला असेल तर टाइम-वेट त्याच्याकडे, तुझा रस्ता मोकळा. तुझा चहा एक मिनिटापेक्षा जास्त चालतो एवढंच त्यात आहे!

उपाय एका ओळीचा, सॉकेटचे ऑप्शन बदलणाऱ्या सेटसॉकऑप्टने एसओ-रीयूजअ‍ॅडर चालू करायचं, म्हणजे टाइम-वेटमधे अडकलेला पोर्टही बाइंडला मिळतो, पण हे बाइंडच्या आधी. नंतर लिहिलं तर त्या बाइंडला त्याचा काही उपयोग नाही, आणि ही चूक मी बऱ्याच मुलांच्या कोडमधे बघितलीये, ओळ असते पण दोन ओळी खाली. हे लिनक्सचं सांगतोय हं, विंडोजवर याच ऑप्शनचा अर्थ वेगळा आहे, तिथे चालू सर्व्हरचा पोर्ट दुसरा प्रोग्राम बळकावू शकतो.

ही ओळ टाकूनही तीच एरर आली तर समज की जुना सर्व्हर खरोखर जिवंत आहे. बहुतेक वेळा कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलेलं असतं, त्याने प्रोग्राम मरत नाही, नुसता थांबतो, आणि गाळा धरून बसतो. टर्मिनलवर एसएस कमांड एल, टी, एन, पी या चार फ्लॅगसकट चालव, कोणता पोर्ट कोणत्या प्रोसेसकडे आहे ते समोर दिसेल, तिला किल कर.

आता काकांचा मोबाइल. तू कोड पाठवला नाहीस पण मी खात्रीने सांगतो, पत्त्यात 127.0.0.1 लिहिलं असशील. तो लूपबॅक, म्हणजे लॅपटॉपने स्वतःशीच बोलायचा पत्ता, बाहेरून आलेलं काहीही तिथे पोचत नाही, वायफाय एक असो नाहीतर दहा. तिथे इनअ‍ॅडर-एनी लिही, म्हणजे 0.0.0.0, त्याचा अर्थ या मशीनचे जेवढे पत्ते आहेत त्या सगळ्यांवर ऐक. मोबाइलवर मात्र 0.0.0.0 टाकायचं नाही, लॅपटॉपला वायफायने दिलेला 192.168 वाला पत्ता टाकायचा, तरी लागलं नाही तर लॅपटॉपची फायरवॉल बाहेरची कनेक्शन अडवते का ते बघ. आणि तो 192.168 वाला पत्ता कोडमधे पक्का लिहू नको, उद्या हॉटस्पॉट बदलला की तो पत्ता तुझ्या मशीनवर राहणारच नाही आणि "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस" येईल. घरच्या वायफायवर इनअ‍ॅडर-एनी ठीक आहे, पण कॉलेजच्या नेटवर्कवर तोच सर्व्हर बाकीच्यांनाही दिसू शकतो हे लक्षात असू दे, नुसती टेस्ट करायची असेल तर तिथे लूपबॅकच बरा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगतोच, कारण मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीये. भुसावळला रूमवर राहायचो तेव्हाची गोष्ट, पहिला सर्व्हर लिहिला, पोर्ट 8080, बाइंड पास, लिसन पास, एरर कुठेच नाही, आणि क्लायंट काही केल्या जोडेना. शेवटी कोणता पोर्ट उघडा आहे ते बघितलं तर 36895! हा आकडा मी कधी लिहिलाच नव्हता. 8080 म्हणजे हेक्समधे 1एफ90, आपल्या इंटेलच्या मशीनमधे त्याचे दोन बाइट उलटे ठेवलेले असतात, नेटवर्कला मोठा बाइट आधी लागतो, मी एचटॉन्स, म्हणजे बाइटचा क्रम नेटवर्कला हवा तसा करणारं फंक्शन, लावायचं विसरलो म्हणून ते 901एफ वाचलं गेलं, आणि तेच 36895. तेव्हा बाइंड हो म्हणाला म्हणजे आपण मागितलं तेच मिळालं असं धरायचं नाही. गेटसॉकनेम नावाचं फंक्शन आहे, ते खरा पत्ता सांगतं, तो सुरुवातीला छापून टाकत जा. पोर्ट 0 दिला तर कर्नल स्वतःच मोकळा पोर्ट निवडतं, तेव्हा तर कोणता मिळाला ते प्रोग्रामला याच्याशिवाय कळतच नाही. आणि स्ट्रक्चर भरायच्या आधी मेमसेटने शून्य कर, नाहीतर एखादा रकाना भरायचा राहिला तर त्यात कचरा असतो आणि कर्नल तोच पत्ता समजतं.

बाइंडला पत्ता देताना तो प्रत्येक वेळी सॉकअ‍ॅडर पॉइंटरमधे कास्ट करावं लागतं त्याचा वैताग येत असेल, पण बाइंड हे फंक्शन 1983 च्या बीएसडी 4.2 या युनिक्सच्या आवृत्तीमधलं आहे, सी चं स्टँडर्ड व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कोणत्याही प्रकाराला चालणारा पॉइंटर, घेऊन आलं 1989 ला, म्हणून ती जुनी पद्धत आजपर्यंत चालत आलीये.

क्लायंटमधे बाइंड नको. गिऱ्हाइकाला यार्डात गाळा कशाला? कनेक्ट म्हटलं की कर्नलच त्याला एक तात्पुरता पोर्ट देतं, लिनक्सवर सहसा 32768 ते 60999 मधला. आणि सर्व्हरला 80 नंबरचा मोह नको करू, 1024 च्या खालचे पोर्ट साध्या यूजरला मिळत नाहीत, "परमिशन डिनाइड" येतं, आणि तेवढ्यासाठी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, म्हणून चालवणं चांगलं नाही. 8080 च ठेव.

प्रश्न : माझे दोन प्रोग्राम एकाच मशीनवर आहेत म्हणून मी एकाच मशीनपुरतं चालणारं युनिक्स सॉकेट वापरलं. त्यातही दुसऱ्या वेळी तीच एरर येते, पण तासभर थांबलो तरी जात नाही. – शहाद्याचे वाचक

उत्तर : भाऊ, इथे टाइम-वेटचा संबंध नाही. युनिक्स सॉकेटला पत्ता म्हणजे फाइलचं नाव, बाइंड ती फाइल बनवतं आणि प्रोग्राम मेला तरी ती तशीच राहते. बाइंडच्या आधी अनलिंकने ती फाइल काढून टाका, जुना प्रोग्राम चालू नाही हे बघूनच. आणि पाथ लहान ठेवा, लिनक्समधे त्याला जागा फक्त 108 बाइट असते.