अडीचपट महाग ऑइल: गुंतवणूक की नुसता हप्ता?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 'माझी १२५ सीसीची स्कूटर तीन वर्षांची झाली. वर्षाला साधारण ८,००० किलोमीटर चालते, लिटरला ५० किलोमीटर ॲव्हरेज देते. कंपनीच्या पुस्तिकेत दर ४,००० किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलं आहे. आजवर साधं मिनरल ऑइलच टाकलं. आता मेकॅनिक म्हणतो, फुल सिंथेटिक टाका. ॲव्हरेज वाढेल, ऑइल दुप्पट चालेल, इंजिन जास्त टिकेल. किंमत मात्र साध्याच्या अडीचपट. साध्या ऑइलच्या एका बाटलीच्या पैशात चार लिटर पेट्रोल येतं. बदलायची मजुरी बाटलीच्या निम्मी. बोअर-पिस्टनचं काम (झिजलेला सिलिंडर नीट करून पिस्टन बदलणं) निघालं तर साध्या ऑइलच्या वीस बाटल्यांइतका खर्च येईल, असंही तोच सांगतो. स्कूटर अजून चार वर्षं ठेवायची आहे. सिंथेटिकवर पैसे घालू का? दोन्ही बाटल्यांच्या लेबलचे फोटो सोबत पाठवतो.'

नमस्कार,

तुम्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. एरवी अशा पत्रांत 'थोडं महाग आहे, पण चांगलं असतं म्हणतात' एवढंच असतं आणि मग मलाही गोलगोल बोलावं लागतं. तुमच्या पत्रात हिशेबाला लागणारं सगळं आहे. तेव्हा आधी हिशेबच करू, ऑइलच्या गुणांकडे नंतर वळू.

साध्या ऑइलची एक बाटली म्हणजे १०० धरा. मग मजुरी ५०, सिंथेटिकची बाटली २५०, पेट्रोलचा लिटर २५ आणि बोअर-पिस्टनचं काम २,०००.

आज तुम्ही वर्षातून दोनदा ऑइल बदलता. बाटली आणि मजुरी मिळून १५० एका वेळचे, म्हणजे वर्षाला ३००. सिंथेटिक टाकून तेवढ्याच वेळा बदललंत तर २५० अधिक ५०, गुणिले दोन: ६००. म्हणजे दरवर्षी ३०० जास्त. आणि मेकॅनिक म्हणतो तसं ते ऑइल खरोखर दुप्पट चालवलंत, ८,००० किलोमीटरला एकदाच बदललंत, तर? २५० अधिक ५०, म्हणजे ३००. पुन्हा जागच्या जागी! बदलाचं अंतर दुप्पट केलं तरी तुमच्या खिशात दमडी वाढत नाही. फक्त गॅरेजची एक फेरी वाचते. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण 'दुप्पट चालतं म्हणजे स्वस्तच पडतं' हे वाक्य इतकं सरळ वाटतं की कागदावर मांडायचं कुणाला सुचत नाही.

शिवाय ती फेरी वाचवणं मला मान्यच नाही. मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असतं आणि ते गाळायला कागदी फिल्टर असतो. तुमच्यासारख्या स्कूटरमध्ये ऑइल असतं बहुधा पाऊण लिटरच्या आसपास आणि बऱ्याच मॉडेलांत फिल्टर म्हणून नुसती धातूची जाळी असते. घासून निघालेले कण, काजळी, थंड इंजिनातून ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल, जवळच्या जवळच्या फेऱ्यांत साठणारी पाण्याची वाफ हे सगळं त्या पाऊण लिटरातच जमतं. ते बाहेर काढायचा एकच मार्ग आहे, ऑइल बदलणं. सिंथेटिक उष्णतेनं उशिरा बिघडतं हे खरं, पण घाण दोन्ही ऑइलांत सारख्याच वेगानं साठते. म्हणून अंतर पुस्तिकेतलंच ठेवा. वॉरंटी अजून चालू असेल तर ते मोडणं आणखीच महागात पडू शकतं.

राहिला वर्षाला ३०० जादा खर्चाचा पर्याय. हे पैसे दोनच वाटांनी परत येऊ शकतात: पेट्रोल वाचलं तर, किंवा इंजिनाचं मोठं काम टळलं तर.

पेट्रोलचं बघू. वर्षाला ८,००० किलोमीटर, लिटरला ५०, म्हणजे १६० लिटर. ३०० भरून काढायला १२ लिटर वाचायला हवं. तेवढं वाचलं तर ॲव्हरेज ५० वरून ५४ ला जाईल, आणि तेव्हा कुठे तुम्ही ना नफा ना तोटा या रेषेवर याल. नुसतं ऑइल बदलून एवढी उडी मिळेल असं धरून मी कुणालाही पैसे खर्च करायला सांगणार नाही. दोन टक्के मिळाले तरी छानच म्हणायचं. पण दोन टक्के म्हणजे ३.२ लिटर, आपल्या मापात ८०. उरलेले २२० तुमच्याच खिशातून. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासणं फुकट असतं, आणि तीही ॲव्हरेजवर परिणाम करते.

आता फोटोंकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. तुमचं सध्याचं ऑइल १०डब्ल्यू-३० आहे आणि लेबलवर जासो (दुचाकींच्या ऑइलचं जपानी मानक) एमबी असं छापलंय. मेकॅनिकनं सुचवलेलं आहे १०डब्ल्यू-४०, जासो एमए२. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. म्हणजे महागडी बाटली तापलेल्या इंजिनात जास्त दाट राहणार आणि दाट ऑइल ढवळायला इंजिनाला जास्त जोर लागणार. एमए (एमए२ हा त्याचाच एक प्रकार) आणि एमबी हा फरक त्या जपानी मानकानं १९९८ पासून केलेला आहे. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. ऑइल फार निसरडं झालं तर क्लच घसरतो, म्हणून तिथे घर्षण राखणारं एमए लागतं. स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूला, कोरडा असतो. त्याला ती पर्वा नाही, म्हणून घर्षण कमी करणारं एमबी चालतं. थोडक्यात, 'ॲव्हरेज वाढेल' म्हणून तुम्हाला जी बाटली दाखवली ती मोटरसायकलसाठीची आहे. ॲव्हरेजच्या बाबतीत ती तुमच्या आताच्या साध्या ऑइलपेक्षा मागे पडली तर मला आश्चर्य वाटणार नाही. मेकॅनिक लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे मोटरसायकली जास्त येत असतील, फळीवर तेच ऑइल असेल. पण अडीचपट पैसे मोजताना लेबलची मागची बाजू आपणच वाचायची असते.

'सिंथेटिक' या शब्दाबद्दलही थोडं सांगतो, कारण तुम्ही पैसे त्या शब्दाचेच देताय. मूळ तेलांचे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत पाच गट आहेत. पहिले तीन कच्च्या तेलातूनच येतात, चौथा गट म्हणजे प्रयोगशाळेच्या पद्धतीनं रेणू जोडून केलेलं पीएओ, आणि पाचव्यात एस्टरसारखी उरलेली सगळी. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की चौथा-पाचवा गट समजला जायचा. मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या वादात १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-नियमन मंडळानं तिसऱ्या गटातल्या, म्हणजे हायड्रोजननं जोरदार प्रक्रिया केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा कौल दिला. तेव्हापासून बाटलीवर तोच शब्द, आत मात्र निरनिराळी तेलं. तिसरा गट वाईट नाही, उलट चांगलाच असतो. पण नुसता 'सिंथेटिक' शब्द बघून आत काय आहे ते कळत नाही. सेमी-सिंथेटिकमध्ये तर मिश्रण किती टक्के, हेही बाटली बहुधा सांगत नाही. मला विचाराल तर असल्या शब्दापेक्षा ग्रेड, जासो आणि एपीआयची अक्षरं पुस्तिकेशी जुळतात का, एवढंच पाहावं.

आता इंजिनाचं आयुष्य. हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तुम्ही बहुधा यालाच घाबरला आहात. याकडे मी विमा म्हणून बघतो. चार वर्षं, दरवर्षी ३००, म्हणजे १,२०० हप्ता. संरक्षण कशाचं? २,००० च्या कामाचं. संरक्षणाच्या ६० टक्के हप्ता! हा विमा परवडायचा तर तुमच्यासारख्या १०० स्कूटरांपैकी ६० स्कूटरांचं बोअरचं काम केवळ सिंथेटिकमुळे टळायला हवं. त्यासाठी मुळात साध्या ऑइलवर त्या साठांचं काम निघायला हवं होतं. चार वर्षांनी तुमची स्कूटर ५६,००० किलोमीटरला पोचेल. योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललं, पातळी राखली, तर तेवढ्यात बोअर उडणं हा नियम नव्हे, अपवाद आहे. जिथे धोका मुळातच लहान, तिथे एवढा हप्ता मी कुठल्याच अशिलाला भरू देत नाही. मग तो आरोग्याचा असो की पिस्टनचा.

इंजिनं मरतात ती बहुधा दुसऱ्याच कारणानं. माझंच उदाहरण देतो, लाज वाटते तरी. लोकांना खर्चाचं नियोजन शिकवणाऱ्या माझ्या स्कूटरचं इंजिन मी ऑइल न तपासता चालवत राहिलो. बदलायची तारीख दोन महिने लांबली होती, त्यात ऑइल थोडं थोडं जळतही होतं. डिपस्टिक काढली तेव्हा तिच्या टोकालाही ऑइल लागेना. पाऊण लिटरातलं पाव लिटर गेलं म्हणजे एक तृतीयांश गेलं, हे गणित मला तेव्हा सुचलं नव्हतं. बोअर केलं, पिस्टन बदलला, आणि मग काही महिने मी महागडं सिंथेटिक टाकत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माझा रोग विसराळूपणाचा होता. औषध मी बाटलीत शोधत होतो.

म्हणून तुम्हाला एक प्रश्न, ज्याचं उत्तर पत्रात नाही: ४,००० म्हणजे ४,०००लाच बदलता, की '५,०००-६,००० होतातच'? दुसरं खरं असेल तर माझा सल्ला थोडा हलतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल हवेतल्या ऑक्सिजननं बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, आणि पंख्याच्या वाऱ्यावर गार होणारं स्कूटरचं इंजिन गर्दीत चांगलंच तापतं. अशा वेळी सिंथेटिक हातात थोडी सवड ठेवतं. पण विसराळूपणावरचा हा महाग उपाय आहे. फोनमध्ये गजर लावणं स्वस्त पडेल.

सिंथेटिकच घ्या असं मी कुणाला सांगेन? ज्यांच्या पुस्तिकेतच तशी अट आहे, त्यांना. तिथे चर्चाच नको. जिथे पारा शून्याखाली जातो आणि सकाळी इंजिन सुरू होताना ऑइल घट्ट झालेलं असतं, तिथल्यांना. आणि दिवसभर सामान पोचवणाऱ्यांना. रोज १०० किलोमीटर चालवणाऱ्याला ४,००० किलोमीटर दर चाळीस दिवसांनी येतात, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची कमाई बुडते. त्याच्या हिशेबात मजुरी ५० नसून कितीतरी जास्त आहे. त्याच्या पुस्तिकेनं सिंथेटिकवर लांबचं अंतर मान्य केलं असेल तर अडीचपट बाटलीही त्याला स्वस्त पडू शकते. तुमची फेरी सुट्टीच्या दिवशी होते, म्हणजे कमाई बुडत नाही.

आणि हो, हे सगळं वाचूनही तुम्हाला सिंथेटिकच टाकावंसं वाटलं, स्कूटरवर जीव आहे म्हणून, तर टाका. वर्षाला १२ लिटर पेट्रोलइतकी ती हौस आहे. कुणाचं घर त्यापायी बुडत नाही. फक्त १०डब्ल्यू-३० एमबीमध्येच घ्या आणि खर्चाच्या वहीत ती रक्कम 'हौस' या रकान्यात लिहा, 'बचत'मध्ये नको. विकताना ती परत मिळेल अशीही आशा धरू नका. घेणारा किलोमीटर बघतो, टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. आत कुठलं ऑइल होतं याचे जास्त पैसे देत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर साधंच ऑइल ठेवलं असतं, पुस्तिकेच्या ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं, माझ्या डोळ्यांदेखत ओतलेलं. दर दोन आठवड्यांनी स्कूटर मुख्य स्टँडवर लावून डिपस्टिक बघितली असती. आणि दर बदलाच्या वेळी सिंथेटिकचे न दिलेले १५० बाजूला टाकले असते. चार वर्षांत १,२०० होतात. बोअरचं काम निघालंच तर निम्म्याहून जास्त पैसे तयार. नाही निघालं, आणि बहुधा नाहीच निघणार, तर टायर, बॅटरी आणि क्लचच्या बाजूचा बेल्ट हे खर्च चार वर्षांत येणारच आहेत. कुठलंही ऑइल टाकलंत तरी ते टळत नाहीत.

पुढच्या वेळी गॅरेजला जाल तेव्हा मागच्या चाकाजवळच्या गिअरचं ऑइल कधी बदललं होतं तेवढं विचारा. ते इंजिन ऑइलपेक्षा वेगळं भरलेलं असतं, जेमतेम १०० ते १२० मिली, आणि तीन वर्षांच्या बऱ्याच स्कूटरांत ते पहिल्या दिवसाचंच निघतं.