डावा पाय थोडा उशिरा

प्रश्न : मी वापरलेली, पाच गिअरची मॅन्युअल हायब्रीड गाडी घेतली आहे. आधीच्या पेट्रोल गाडीत लांबून लाल सिग्नल दिसला की मी गिअर काढून गाडी न्यूट्रलवर जाऊ द्यायचो. पेट्रोल वाचतं म्हणून ती सवय लागली होती. इथेही तेच करतो, पण ॲव्हरेज मनासारखं मिळत नाही आणि बॅटरीची पातळी कायम खाली. मोटरची मदत कधी घ्यावी, कधी टाळावी, हेही कळत नाही.

उत्तर : बॅटरी खाली राहण्याचं कारण बहुतेक तुमच्या प्रश्नातच आहे. न्यूट्रलची सवय आधी सोडा.

तुमच्या गाडीत मोटर कुठे बसते ते बघा. १९९९ साली आलेली पहिली होंडा इनसाइट असो की २०१० ची सहा गिअरची सीआर-झी, दोन्हींत चपटी मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जोडलेली आहे. पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारी आणि वीजही बनवणारी छोटी मोटर) असलेल्या माइल्ड हायब्रीड गाड्यांतही मोटर इंजिनाच्याच बाजूला असते. चाकं राहिली क्लचच्या पलीकडे. क्लच दाबला किंवा गिअर काढला की चाकांचा मोटरशी संबंध संपला. मग गाडीचा वेग ब्रेक पॅडवर घासून उष्णता बनून जातो आणि बॅटरीला त्यातलं काहीच मिळत नाही. ऑटोमॅटिक हायब्रीडमध्ये हे सगळं गाडी बघते, मॅन्युअलमध्ये तुमचा डावा पाय ठरवतो. म्हणूनच ही गाडी मला इतकी आवडते. नीट चालवली तर ती लगेच मीटरवर दाखवते.

समजा, चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने जाताय आणि पुढे लाल दिवा दिसला. ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढा, गिअर तसाच राहू द्या. चाकंच इंजिनाला फिरवत असल्यामुळे इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना, पेट्रोल लागतंच. आता ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. मीटरवर बॅटरी चार्ज होत असल्याचे ठोकळे वाढताना दिसतील. ते दिसेपर्यंतच दाबा, पुढचा दाब वेग कमी करायला खरंच लागला तरच. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १२०० च्या आसपास उतरले आणि अंतर बाकी असेल तर तिसरा, मग दुसरा गिअर घ्या. इंजिन अडखळायच्या बेतात आलं की मगच क्लच. थांबलात की न्यूट्रल करून क्लच सोडा, म्हणजे इंजिन आपोआप बंद होईल. कुठल्या क्रमाने बंद होतं हे गाडीगणिक थोडं वेगळं असतं, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून सिग्नलला उभं राहिलात तर ही सोय वाया जाते आणि क्लचच्या बेअरिंगवरही उगाच ताण येतो.

रस्ता मोकळा असेल, वेग कमी करायचा नसेल, तर मात्र पाय पूर्ण काढू नका. ना चार्ज, ना असिस्ट (मोटरची मदत), मीटरचा काटा मधोमध राहील इतकाच हलका पाय ठेवा. बॅटरीत घालताना आणि काढताना दोन्ही वेळा थोडी वीज वाया जाते. वेग टिकवता येत असेल तर तो टिकवणंच स्वस्त. आणि उतारावर चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं आणि चावी पूर्ण फिरली तर लॉकही होऊ शकतं.

आता असिस्ट. ब्रेक लावताना साठवलेली वीज फुकटची आहे. पण पातळी फार उतरली की गाडी इंजिनावर जादा भार टाकून बॅटरी भरते, आणि ते पेट्रोल तुमच्याच टाकीतून जातं. त्यामुळे सपाट रस्त्यावर असिस्टचे ठोकळे सतत दिसत असतील तर पाय हलका करा. मदत राखून ठेवा चढासाठी. छोट्या चढावर गिअर न उतरवता मोटरला हातभार लावू द्या. इंजिन थरथरायला लागलं तर मात्र हट्ट न करता गिअर खाली घ्या. वेग घेताना २००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर घ्यायची सवय ठेवा. वर बाण दाखवणारा दिवा असेल तर त्याचं ऐका.

हायवेवर बॅटरीकडून फार आशा ठेवू नका, कारण तिथे ब्रेकच लागत नाही. तिथे वेगच महत्त्वाचा. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. टायरमधली हवा गाडी थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा. एसी जोरात असला की बऱ्याच गाड्या सिग्नलला इंजिन बंदच करत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

गाडी वापरलेली आहे म्हणून एक सांगतो. या पद्धतीने काही आठवडे चालवूनही बॅटरी वर येत नसेल, किंवा पातळी भरलेली दिसता दिसता एकदम तळाला जात असेल, तर दोष तुमच्या चालवण्यात नाही. आतले काही सेल थकले असण्याची शक्यता आहे. हायब्रीडची माहिती असलेल्या मेकॅनिककडून बॅटरीची चाचणी करून घ्या. ती स्वतः उघडू नका, आत जीवघेणा व्होल्टेज असू शकतो.