हर्मन मायरने ५४च रेसेस जिंकल्या, मग त्याला एवढं भारी का मानतात?

तुमचा मुद्दा असा की स्कीइंगमध्ये स्वीडनच्या स्टेनमार्कने ८६ आणि अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने तर शंभराच्या वर वर्ल्ड कप रेसेस जिंकल्यात, मग ५४ वाल्या ऑस्ट्रियाच्या मायरचं एवढं काय कौतुक. आधी आकड्यांचं बघू, कारण तिथेच गोची आहे. स्टेनमार्कच्या ८६ पैकी ४० स्लालम (जवळजवळ लावलेल्या खांबांमधून) आणि ४६ जायंट स्लालम (खांब जरा लांब लांब), डाउनहिल (सगळ्यात वेगवान प्रकार) एकही नाही. मायरच्या ५४ मध्ये २४ सुपर-जी (डाउनहिल आणि जायंट स्लालमच्या मधला प्रकार), १५ डाउनहिल, १४ जायंट स्लालम, एक कंबाइंड (दोन प्रकार मिळून एक निकाल), आणि स्लालम शून्य. म्हणजे एकाचं काम खांबांमधून सटासट वळायचं आणि दुसऱ्याचं ताशी १२० किलोमीटरच्या आसपास डोंगरावरून खाली यायचं, दोघांची बेरीज शेजारी ठेवून काय कळणार?

मला मायर आवडायचं कारण मात्र वेगळं आहे, तो गवंडी होता. माझे वडील गवंडी, सिन्नरकडे त्यांनी आयुष्यभर बांधकामं केली, त्यामुळे ते काम काय असतं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी आता म्युनिकला असतो, मायरचं गाव फ्लाखाऊ इथून गाडीने दोन-सव्वादोन तास. ऑस्ट्रियात स्कीइंग म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटच, पोरं पाचव्या-सहाव्या वर्षी लायनीला लागतात आणि स्की अकादमीत सिलेक्शन झालं की पुढची गाडी सुरू. हा १५ वर्षांचा असताना अकादमीतून बाहेर, का तर अंगाने लहान आणि गुडघे दुखतात. मग उन्हाळ्यात विटा रचायच्या आणि हिवाळ्यात वडिलांच्या स्की स्कूलमध्ये टुरिस्टांना शिकवायचं, असं कित्येक वर्षं.

आता गंमत ऐका. मोठ्या रेसच्या आधी दोन-चार जणांना कोर्सवरून सोडतात, ट्रॅक नीट आहे ना, खांब बरोबर लागलेत ना हे बघायला, यांना फोररनर म्हणतात. वेळ मोजतात पण निकालात नाव येत नाही. जानेवारी १९९६ ला फ्लाखाऊलाच वर्ल्ड कपची जायंट स्लालम होती आणि मायर फोररनर म्हणून उतरला, म्हणजे लग्नात वाढायला आलेला पोरगा समजा, आणि त्याची वेळ अशी आली की खऱ्या रेसमध्ये बारावा आला असता. २३ वर्षांचा होता तेव्हा. त्यानंतर त्याच्याकडे कुणाला दुर्लक्ष करता येईना, फेब्रुवारी १९९७ ला गार्मिशला पहिली वर्ल्ड कप रेस जिंकला आणि १९९८ ला पूर्ण सीझनची ओव्हरऑल ट्रॉफी, म्हणजे सगळ्या प्रकारांचे पॉइंट मिळून पहिला.

नागानो ऑलिंपिकमधला त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, १३ फेब्रुवारी १९९८, डाउनहिल, हवेत आडवा झाला, डोक्या-खांद्यावर आपटला, जाळ्यांच्या दोन रांगा तोडून पलीकडे बर्फात. उठला, हात हलवला. तीन दिवसांनी सुपर-जीचं गोल्ड आणि पुढे तीन दिवसांनी जायंट स्लालमचंही. सगळे हेच दाखवतात, पण माझ्या मते ती त्याची सगळ्यात मोठी गोष्ट नाहीच. तिथे नशीबही होतं, हाड मोडलं नाही.

खरी गोष्ट २००१ ची. आधी १९९९-२००० ला एका सीझनमध्ये २००० पॉइंट केले होते (जिंकलं की १००, दुसरा आला की ८०, आता हिशोब करा), पुढच्या सीझनला १३ रेसेस जिंकून एका सीझनमधल्या विजयांच्या स्टेनमार्कच्या रेकॉर्डशी बरोबरी, वय २८, आणि त्याच ऑगस्टमध्ये मोटरसायकलचा ॲक्सिडेंट. उजवा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ. पायात रॉड घातला, २००२ ची ऑलिंपिक गेली. आता स्की बूट एकदा घालून बघा मग कळेल, मी पहिल्यांदा भाड्याने घेतले तेव्हा नडगीवर असा दाब यायचा की चहा प्यायला बसलो की आधी क्लिपा सोडायचो, आणि मी तर लहान पोरांच्या उतारावर पडत होतो, दोनदा एकाच चिमुरडीच्या पुढ्यात. वळताना सगळा जोर त्या नडगीवरच येतो, आणि याच्या तर नडगीतच रॉड.

जानेवारी २००३ ला तो परत रेसला उतरला आणि दोन आठवड्यांत २७ तारखेला किट्झब्यूलची सुपर-जी जिंकला. किट्झब्यूल म्हणजे ऑस्ट्रियातलं स्कीइंगचं सगळ्यात मानाचं मैदान, तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा. २००४ ला चौथ्यांदा ओव्हरऑल, २००५ ला बोर्मिओत जायंट स्लालमचा वर्ल्ड चॅम्पियन, २००६ ला तुरिन ऑलिंपिकमध्ये एक सिल्व्हर एक ब्राँझ, आणि शेवटचा वर्ल्ड कप विजय नोव्हेंबर २००८ ला कॅनडात लेक लुईसला मिळाला तेव्हा छत्तिशीला आला होता. ऑक्टोबर २००९ ला थांबला.

मागे वडील इथे आले होते तेव्हा त्यांना हे व्हिडिओ दाखवले. नागानोची पडझड बघून काही बोलले नाहीत. तो गवंडी होता म्हटल्यावर मात्र म्हणाले, परत लाव, आणि त्याचे खांदे बघत बसले.