लेक केक करते, टीव्हीवर पाठवू का?

माई, नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. सहा एकर कोरडवाहू, कापूस-तूर-हरभरा. माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन वर्षांपासून माझ्या मोबाईलवर पाहून कुकरमध्ये केक करून राहिली. शाळेतल्या गुरुजींच्या निरोपाला तिनंच केक केला होता, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. अमरावतीच्या माझ्या भाच्यानं तिचा व्हिडिओ मुलांच्या केकच्या एका टीव्ही स्पर्धेला पाठवला आणि आता मुंबईला निवड चाचणीसाठी बोलावणं आलं. हे म्हणतात, जाऊ द्या, आपल्या गावातून कोण गेलं एवढ्या दूर. भाचा म्हणतो, चान्स सोडू नका. सासूबाई म्हणतात, पोरगी तिथं रडली तर सारं गाव पाहीन. पोरीनं आजवर खरं ओव्हन पाहिलं नाही. मले तर झोप लागत नाही. काय करू?
— एक आई

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुमच्या घरातल्या सगळ्यांचं मत आहे. यजमानांचं आहे, भाच्याचं आहे, सासूबाईंचं आहे, तुमची काळजी आहे. फक्त पोरगी काय म्हणते ते कुठंच नाही. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर, घरात दुसरं कुणी नसताना, तिला विचारा. "जायचं का?" असं विचारू नका. त्याला ती तुमच्या तोंडाकडे पाहून उत्तर देईल. "तिथं केक फसला तर तू काय करशील?" असं विचारा. "पुन्हा करीन" किंवा "का फसला ते विचारीन" म्हणाली, तर माझं मत पाठवा असं आहे. "बाबा काय म्हणतील" हे तिच्या तोंडी पहिल्यांदा आलं, तर एक वर्ष थांबा. तोवर ती घरी करतेच आहे.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांची भीती मला ठाऊक आहे, कारण ती मी एका घरात प्रत्यक्ष घडवली आहे.

मी तेव्हा गृहअर्थशास्त्र शिकवत होते. तालुक्याच्या गावी मुलांची पाककृती स्पर्धा होती आणि मी परीक्षक होते. नऊ वर्षांचा एक मुलगा ज्वारीच्या पिठाची नानकटाई घेऊन आला होता. एसटीत डबा हलून हलून नानकटाईचा पार भुगा झालेला. मी माईकवर म्हणाले, "ही नानकटाई आहे की रवा?" सभागृह हसलं. त्याच्या आईनं चार महिन्यांनी मला बाजारात गाठून सांगितलं, त्या दिवसापासून पोरगा चुलीपाशी येत नाही. मी त्यांच्या घरी गेले. तो गोठ्यात जाऊन बसला, बाहेर आलाच नाही. गोठ्याच्या दारातूनच मी त्याची माफी मागितली.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीची नानकटाई भुसभुशीत होते आणि धक्का लागला की फुटते. चौथा हिस्सा कणीक घातली असती, तर डब्यात टिकली असती. एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते मी सांगितलं नाही. मुलाला त्याच्या चुकीचं कारण मिळालं की तो पुन्हा पिठात हात घालतो. चुकीवर हसू मिळालं की हात मागे घेतो. म्हणून सगळ्यात आधी ज्या स्पर्धेला बोलावणं आलं तिचे जुने भाग शोधून बघा. मुलीला दाखवायच्या आधी तुम्ही एकट्या बघा. परीक्षक मुलांशी कसे बोलतात? मूल बाहेर पडतं तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर किती वेळ थांबतो? मागे कसलं संगीत वाजतं? दोन भाग पाहिले की तुमचं तुम्हालाच कळेल.

अशा स्पर्धा साऱ्याच वाईट नसतात. ब्रिटनमध्ये मोठ्यांची बेक ऑफ स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मुलांची ज्युनियर बेक ऑफ आली. मोठ्यांच्या त्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला रोख रक्कम मिळत नाही, नाव कोरलेला केक ठेवायचा स्टँड मिळतो. मुलांच्या स्पर्धेत आपलं काम आटोपलेलं पोर दुसऱ्याच्या टेबलापाशी मदतीला धावताना मी पाहिलं आहे, आणि ते पाहून मला फार बरं वाटलं. अमेरिकेत २०१३ पासून मुलांची मास्टरशेफ आहे, तिथं आठ ते तेरा वर्षांची मुलं एक लाख डॉलरसाठी उभी असतात. आपल्याकडेही त्याच वर्षी स्टार प्लसवर मुलांची मास्टरशेफ झाली. बक्षीस मोठं झालं की घरच्यांचे श्वासही मोठे होतात, आणि पोराला ते ऐकू येतात.

आता कायद्याचं. हे यजमानांना वाचून दाखवा. चौदा वर्षांखालच्या मुलांना मनोरंजनाच्या कामात घ्यायचं, तर त्याला २०१६ मध्ये दुरुस्त झालेला बालकामगार कायदा आणि २०१७ चे नियम लागू आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांती न देता सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. शाळा बुडू नये याची सोय त्यानंच करायची. मुलांच्या कमाईचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो आणि तो तिला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभं करता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे. म्हणून पोरीला आधी विचारा म्हणते. मुंबईत कुणी कागद पुढं सरकवून "इथं सही करा" म्हणालं, तर घाई करू नका. कागद मराठीत मागा. नाही मिळाला तर त्याचा फोटो काढून अमरावतीला ओळखीच्या वकिलाकडे पाठवा आणि दुसऱ्या दिवशी सही करा. एका रात्रीत चान्स जात नाही.

ओव्हनची काळजी मात्र करू नका. ती सुटण्यासारखी आहे. कुकरमध्ये आच फक्त खालून लागते, म्हणून तिचा केक वरून पांढुरका राहत असणार. ओव्हनमध्ये वर आणि खाली दोन्ही बाजूंनी तार तापते, म्हणून वरचा भाग लवकर लाल होतो आणि आत कच्चा राहू शकतो. पहिल्यांदा ओव्हन वापरणारं पोर इथंच फसतं. दर्यापुरात किंवा अमरावतीत बेकरीवाल्याला विनंती करा, दोन सकाळी तिला तिथं बसू द्या. साधा केक १८० अंशांवर होतो, ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून घ्यावा लागतो आणि सारखं दार उघडायचं नसतं. एवढं डोळ्यांनी बघितलं की तिचा धीर वाढेल. एक वजनकाटाही आणा, ग्रॅम दाखवणारा. तुमच्या घरची वाटी आणि मुंबईच्या टेबलावरचा कप एकाच मापाचे नसतात. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखे.

घड्याळ लावून सराव आठवड्यातून दोनदाच करू द्या. बाकीचे दिवस तिनं मनात येईल ते करावं, नाहीतर काहीच करू नये.

आणि काय करायचं? मोबाईलवरचे तीन मजली, रंगीत क्रीमचे केक ती बघतच असेल. तसं क्रीम तर आपल्या उन्हाळ्यात टिकतही नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत लोणी वाटीतच पातळ होतं. तिला तिच्या जिभेवरची चव करू द्या. वरूड-मोर्शीचा संत्रा तुमच्या जिल्ह्यातला आहे. सालीचा फक्त वरचा केशरी थर किसून घ्यायचा, खालचा पांढरा भाग कडू असतो. थोडं ज्वारीचं पीठ आणि बाकी मैदा घ्यायचा, म्हणजे माझ्या त्या पोराच्या नानकटाईसारखं होणार नाही. परीक्षकांनी विचारलं की हे कुठं शिकलीस, तर तिनं रोडग्यांबद्दल सांगावं. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले जातात, पळसाच्या पानात पानगे भाजले जातात. पीठ, वाफ, आच आणि धीर, हे तिनं घरी ओव्हनाशिवाय पाहिलेलं आहे. केक म्हणजे तिच्यासाठी परकी गोष्ट नाही.

आता सासूबाईंच्या "सारं गाव पाहीन" बद्दल. गाव पाहीलच, ते तुम्हाला थांबवता येणार नाही. पण तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, जाण्याआधी स्टॅंडवर फ्लेक्स लावू देऊ नका. भाचा लावतो म्हणाला तरी नाही. अभिनंदनाचा फ्लेक्स लागला की चाचणीत मागे राहिलेली पोरगी हरलेली होऊन परत येते. फ्लेक्स नसेल तर ती मुंबईला जाऊन परत येते. दोन, वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा. परत आल्यावर वर्गात कुणी डिवचलं, तर ते सांभाळून घेतील. तीन, सासूबाईंनाच सोबत न्या. मी खरंच सांगते. बडनेऱ्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसा, तुम्ही, लेक आणि आजी. पोरगी रडलीच तर गावाच्या आधी आजीच्या कुशीत रडेल, आणि मग आजी गावाशी बोलून घेतील. अशा आज्या मी पाहिल्या आहेत, त्यांच्यापुढं गाव गप्प बसतं.

काय ठरलं ते मला कळवा. मी वाट पाहते.

माई, माझा नातू दहा वर्षांचा. टीव्हीवर ह्या मुलांच्या स्पर्धा पाहून तो सारखा पीठ मळतो, बिस्किटं करतो. गावात लोक हसतात, पोराचं काम आहे का हे म्हणतात. मलाही ते पटत नाही. त्याचा टीव्ही बंद करू का?
— एक आजोबा, मेहकर तालुका

आजोबा, तुमच्या गावात हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला वांग्याची भाजी कोण करतं? कढईत उलथनं कोण फिरवतं, रोडगे निखाऱ्यात कोण उलटतं? सगळे पुरुषच ना? तिथं कुणी हसत नाही. पुढच्या भंडाऱ्याला नातवाला सोबत न्या आणि कणीक भिजवायला त्या माणसांच्या शेजारी बसवा. टीव्ही झोपायच्या तासभर आधी बंद करा, पण तो झोपेसाठी. पीठ बंद करू नका.

माई आजी, मी सातवीत आहे. टीव्हीवरच्या मुलांचे केक फुगतात. माझा केक कुकरमध्ये आधी फुगतो आणि मग मधोमध खचतो. चार वेळा झालं. मी सोडा जास्त टाकून पाहिला, तर अजूनच खचला. आई म्हणते, मैदा वाया घालवू नको.
— एक मुलगा, साकोली तालुका

बेटा, चार वेळा करून पाहिलंस म्हणजे तू नीट शिकतो आहेस. सोडा जास्त घातल्यानं खचणं वाढलं, हे तू स्वतः शोधून काढलंस. आता त्याचं कारण ऐक. सोड्याला दह्याची किंवा ताकाची आंबट साथ मिळाली की वायू तयार होतो आणि त्याचे बुडबुडे केक फुगवतात. बुडबुडे जास्त झाले की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. भोवतालचं पीठ अजून शिजून घट्ट झालेलं नसतं, म्हणून ते खाली बसतं. एक कप मैद्याला पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही पुरे. चमचा शीग लावून नाही, सपाट भरायचा. मिश्रण झालं की लगेच कुकरमध्ये ठेव. भांडं तसंच ठेवून खेळायला गेलास, तर बुडबुडे बाहेरच उडून जातात. मैदा घातल्यावर फार घोटूही नको, नाहीतर केक चिवट होतो.

दुसरं कारण मला वाटतं झाकण. तू फुगलं का बघायला मधेच उघडतोस ना? गार हवा आत गेली की बुडबुडे आक्रसतात. पहिली तीस मिनिटं अजिबात उघडू नकोस. कुकरच्या तळाला बोटभर जाडीचा मिठाचा थर दे, त्यावर जाळी ठेव, दहा मिनिटं तापव आणि मग भांडं ठेवून आच बारीक कर. चाळीस मिनिटांनी विणायची सुई मधोमध खुपसून बघ. कोरडी निघाली तर झालं. ओली निघाली तर आणखी पाच मिनिटं.

आईला सांग, खचलेला केकही वाया जात नाही. चुरा करून दुधात घातला की छान लागतो. आणि हे सगळं करताना आई घरात असू दे. कुकरमध्ये पाणी नसतं, म्हणून झाकण लावायच्या आधी शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ओट्यावर ठेव, आणि काढलंस ते आईला दाखव.