कीचकाचा ‘वध’ की ‘खून’?

प्रश्न असा आला आहे : महाभारतात विराट राजाच्या दरबारी द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमाने मारलं, त्याला आपण ‘कीचकवध’ म्हणतो, ‘कीचकाचा खून’ म्हणत नाही. म्हणजे भीमाने केलं ते योग्यच, हा निकाल ‘वध’ या शब्दातच दडलेला आहे का?

मराठी कानाला तसं वाटतं खरं. रावणाचा वध, अफझलखानाचा वध : मरणारा दुष्ट, मारणारा आपला. ‘गांधीवध’ म्हटलं की लोक खवळतात ते याचमुळे, आणि रास्त खवळतात.

पण संस्कृतातला ‘वध’ म्हणजे नुसतं ठार मारणं. महाभारतात कीचकवधपर्व आहे तसं अभिमन्युवधपर्वही आहे. एकट्या पोराला महारथींनी घेरून मारलं, त्याला न्याय कोण म्हणेल? पापाचा डाग लागला तो ‘हत्ये’ला : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. मराठीतही जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ख्रिस्ताच्या क्रुसाला आपण वधस्तंभ म्हणतो, आणि कायद्यात तर ‘सदोष मनुष्यवध’ हा गुन्हाच आहे. ‘खून’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ रक्त. हिंदीने तो ठेवला, मराठीने रक्त पुसून गुन्हा तेवढा घेतला.

तेव्हा भीमाचा निवाडा शब्दावर सोडून चालणार नाही. रात्री नर्तनशाळेत बोलावून, द्रौपदीच्या जागी स्वतः दबा धरून मारणं हा आजच्या कायद्याने सरळ पूर्वनियोजित खूनच. मात्र त्याआधी कीचकाने तिला भर दरबारात लाथ मारली होती आणि विराटाने आपल्या या मेहुण्याला, सेनापतीला, हातही लावला नव्हता. दाद मागायची जागाच उरली नव्हती, म्हणून मी भीमाच्या बाजूने. हातपाय ओळखू येऊ नयेत असा देहाचा गोळा करण्याचं समर्थन मात्र मला जमत नाही. पुढे उपकीचक, म्हणजे कीचकाचे भाऊबंद, तिला कीचकाबरोबर जाळायला निघाले. तिथे भीमाने १०५ जण मारले, पण ती सुटका होती, सूड नव्हे.

खाडिलकरांचं १९०७चं ‘कीचकवध’ पाहताना प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१०मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. ‘वध’ची मराठी छटा इंग्रजांनाही बरोबर कळली होती म्हणायची.